पुणे ते शिराज: टाळेबंदीत पुन्हा जुळलेल्या एका मैत्रीचं प्रकरण

करोनाच्या टाळेबंदीच्या काळात, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना रोज फोन करून विचारपूस करणाऱ्या पुण्यातल्या एका छोट्या गटात मी काम करत होते. औषधं, किराणा, बँकेचे कागद ही आमची मुख्य कामं. काही प्रकरणं मात्र त्यापलीकडे गेली. त्यांतलं हे एक सविस्तर लिहिते आहे, कारण परदेशातला जुना माणूस शोधू पाहणाऱ्या कुणालाही यातले निर्णय घ्यावेच लागतात आणि ते वाटतात तितके सोपे नसतात. दोघी मैत्रिणींच्या संमतीने हे लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं दिलेली नाहीत. पुण्याच्या बाईंना मी ‘काकू’ म्हणते, तेच इथेही ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

२०२० साली काकूंना पासष्टावं लागलं होतं. राष्ट्रीयीकृत बँकेतली नोकरी पूर्ण करून त्या निवृत्त झाल्या होत्या. यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. मुलगा आणि सून बंगळूरला. काकू कोथरूडमध्ये दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात.

१९७४ ते १९७८ या काळात त्या कॅम्पाजवळच्या एका कॉलेजात बी.ए. करत होत्या. त्या दशकात इराणमधून पुण्याला शिकायला येणाऱ्या मुलामुलींची संख्या मोठी होती. कॅम्पात, डेक्कनवर, गुडलक कॅफेच्या टेबलांवर त्यांचे घोळके ठरलेले. काकूंच्या वर्गात शिराजची एक मुलगी होती. कॅम्पातल्या एका पारशी बाईंकडे ती पैसे देऊन राहायची. दिवाळीच्या सुट्टीत सगळे आपापल्या गावी जात, तेव्हा काकू तिला शनिवार पेठेतल्या आपल्या वाड्यात घेऊन येत. काकूंच्या आईने तिला करंज्यांना मुरड घालायला शिकवली. आई तिला ‘चिमणे’ म्हणून हाक मारायची.

१९७८ च्या उन्हाळ्यात ती परत गेली. फेब्रुवारी १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली आणि सप्टेंबर १९८० पासून आठ वर्षं इराकशी युद्ध चाललं. तशातही पत्रं येत होती, उशिरा येत होती, पण येत होती. शेवटचं पत्र १९८५ च्या सुरुवातीचं. त्याच वर्षी काकूंचं लग्न झालं, मग बदल्या, सोलापूर, नाशिक, परत पुणे. पुढे वाडा पाडला गेला आणि त्या जागी इमारत उभी राहिली. शिराजहून नंतर काही आलं असेल तर ते कुणाच्या हाती पडलं, हे कळायला मार्ग नाही. दोघींपैकी कुणीही मैत्री तोडली नव्हती. फक्त पत्ता संपला होता.

नेमकी अडचण

काकूंच्या बाबतीत आमच्या गटाच्या वहीत पहिली नोंद होती: ‘सर्व ठीक. औषधं आहेत. मुलगा रोज फोन करतो.’ कागदावर त्यांना काहीच कमी नव्हतं. दूध दारात येत होतं, खालच्या मजल्यावरच्या वहिनी भाजी आणून देत होत्या. मुलगा रात्री आठला व्हिडिओ कॉल करायचा. आमच्यातलं कुणीतरी दुपारी फोन करायचं.

एप्रिलच्या मध्याला त्यांच्या बोलण्यात फरक जाणवायला लागला. उत्तरं एका शब्दात यायची. रात्री तीन-तीन वाजेपर्यंत टीव्हीवर आकडे बघत बसायच्या. स्वयंपाक एकदाच, तोही खिचडीचा. एके दुपारी मी नेहमीचे प्रश्न विचारले, जेवलात का, गोळी घेतली का, तर त्या म्हणाल्या, “अगं, दिवसभर सगळे मला हेच विचारतात. मी कुणाला काही विचारावं असं कुणी उरलंच नाही.”

या वाक्याने माझी या प्रकरणाकडे बघण्याची दिशा ठरली. एकटेपणा म्हटलं की आपण फोनची संख्या वाढवतो. काकूंना फोन कमी नव्हते. पण प्रत्येक फोनमध्ये त्या फक्त सांभाळून घ्यायची वस्तू होत्या. ज्या बाईने बत्तीस वर्षं काउंटरवर बसून दुसऱ्यांची कामं केली, तिला कुणाची तरी काळजी करण्याचा हक्क हवा होता.

त्याच बोलण्यात शिराजची मैत्रीण निघाली. कोम शहरात १९ फेब्रुवारीला इराणमधले पहिले रुग्ण जाहीर झाले, तेव्हापासून काकू त्या बातम्या बघत होत्या. ९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले आणि दुसऱ्याच दिवशी वायुसेनेच्या विमानाने ५८ भारतीय यात्रेकरू इराणहून परत आले. “तेव्हाच मनात आलं, ही कुठे असेल,” त्या म्हणाल्या. २० मार्चला इराणचं नवीन वर्ष, नवरोज. २५ मार्चला आपला गुढीपाडवा, तोच देशभरातल्या टाळेबंदीचा पहिला दिवस. त्या दिवशी त्यांनी माळ्यावरची पेटी काढून जुनी पत्रं वाचली होती. हे त्यांनी मुलालाही सांगितलं नव्हतं.

शोधावं की नाही

पहिला निर्णय हाच होता आणि माझ्या मते सगळ्यात अवघड तोच होता. शोध लागला आणि ती हयात नसली तर? पासष्टीच्या बाईला, बंद घरात, जवळ कुणी नसताना ती बातमी मिळणार. इराणमध्ये तेव्हा रोज माणसं जात होती, त्यामुळे ही शंका पोकळ नव्हती.

मुलाचं मत स्पष्ट होतं. “आई, आत्ता कशाला हा नवा व्याप?” त्याला दोन भीती होत्या. एक वाईट बातमीची, दुसरी फसवणुकीची. त्या दिवसांत ओळखीच्या नावाने संदेश पाठवून पैसे मागणारे खूप सुटले होते, आणि एकट्या राहणाऱ्या, निवृत्तीवेतन मिळणाऱ्या बाई म्हणजे त्यांना हव्या तशाच. तो चुकीचं बोलत नव्हता. त्याचं म्हणणं होतं, सगळं निवळलं की बघू.

मी काकूंना थेट विचारलं: वाईट बातमी आली तर ती कशी ऐकायला आवडेल? त्यांनी जरा वेळ घेतला आणि म्हणाल्या, “फोनवर वाचायला नको. तू सांग. आणि खालच्या वहिनींना आधी वर पाठव.” म्हणजे त्यांनी तो प्रसंग मनात उभा करून पाहिला होता आणि त्यात काय हवं तेही ठरवलं होतं. शोधायचं, हे त्यावरच ठरलं. शोध मी करायचा, पहिलं उत्तर माझ्याकडे यायचं, आणि चांगलं-वाईट काहीही असलं तरी वहिनी घरात असतानाच ते सांगायचं. या अटी मुलालाही पटल्या.

कोणते मार्ग होते

काकूंच्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती पत्र. पेटीतलं शेवटचं पत्र निळं, घडीचं, विमानाच्या टपालाचं. वर तारीख १३६३ ची, कारण ती इराणी सौर पंचांगाप्रमाणे होती. पत्ता होता, पण क्रांतीनंतर इराणमधल्या असंख्य रस्त्यांची नावं बदलली, आणि मार्चच्या शेवटी आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाल्यामुळे परदेशी टपालही अडकलं होतं. पत्राचा मार्ग तिथेच बंद झाला.

दुसरं म्हणजे फेसबुक. काकूंनी तिथे आधीच शोधून पाहिलं होतं, वर्षापूर्वी. काही मिळालं नव्हतं, आणि त्याची दोन कारणं होती. इराणमध्ये फेसबुक २००९ पासून बंद आहे. तिथे सापडणारी इराणी माणसं बहुतेक देशाबाहेरची किंवा आडमार्गाने येणारी. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. लग्नानंतर तिचं आडनाव बदललं असणार, असं काकू धरून चालल्या होत्या, आपल्याकडे बहुधा बदलतं तसं. म्हणून त्या आडनाव सोडून नुसत्या नावाने शोधत बसल्या. इराणमध्ये बाईचं आडनाव लग्नानंतरही माहेरचंच राहतं. म्हणजे १९७४ च्या वर्गाच्या यादीतलं पूर्ण नाव २०२० मध्येही तेच असणार होतं. ही एक गोष्ट आधी कळली असती तर बराच काळ वाचला असता.

मुंबईला इराणचा वाणिज्य दूतावास आहे, पण खासगी माणसं शोधून देणं त्यांच्या कामात बसत नाही आणि त्या दिवसांत तर त्यांना उसंत नव्हती. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटात विचारलं, तिथे तिला आठवणारे तिघे-चौघे निघाले, ठावठिकाणा कुणालाच नव्हता.

मार्ग सापडला तो पुण्यातच अडकलेल्या एका इराणी विद्यार्थिनीमुळे. तिला मी पत्राचा फोटो पाठवला. तिने दोन गोष्टी सांगितल्या. इंग्रजीत या आडनावाची चार-पाच स्पेलिंगं होतात, म्हणून इंग्रजीत शोधू नका. फारसी लिपीत ते एकाच पद्धतीने लिहितात. आणि इराणमध्ये तेव्हा इन्स्टाग्राम खुलं होतं, घराघरात वापरलं जात होतं. तिने फारसीत नाव लिहून दिलं.

इराणमध्ये शिक्षक दिन मेच्या अगदी सुरुवातीला येतो. शिराजमधल्या एका शाळेच्या माजी विद्यार्थिनींनी त्या दिवशी आपल्या जुन्या बाईंचे फोटो टाकले होते. त्यात हे पूर्ण नाव होतं, विषय इंग्रजी. खाली एका तरुण मुलीने लिहिलं होतं, या माझ्या आत्या. चेहऱ्यावरून काही सांगता येत नव्हतं, बेचाळीस वर्षं मध्ये गेली होती. पण इंग्रजीची शिक्षिका, शिराज आणि ते नाव, इतकं पुढे जायला पुरेसं होतं.

पहिला संदेश

आता त्या भाचीला लिहायचं होतं. काकूंची इच्छा होती की १९७७ चा एक फोटो पाठवावा. सिंहगडावरचा, दोघी सायकल दामटून पायथ्यापर्यंत गेल्या होत्या तेव्हाचा. फोटो सुंदर आहे. वाऱ्यावर मोकळे केस, डोक्यावर काही नाही.

मी थांबवलं. क्रांतीनंतर तिथे बायकांना सार्वजनिक ठिकाणी डोकं झाकणं कायद्याने बंधनकारक झालं. शाळेत आयुष्य काढलेल्या बाईंचा तसा फोटो, अनोळखी खात्यावर, कोण बघतंय ते माहीत नसताना पाठवणं बरोबर नव्हतं. कदाचित तिला काही वाटलंही नसतं. पण तो निर्णय तिचा होता, आमचा नव्हे. त्याऐवजी पत्रातल्या चार ओळींचा फोटो पाठवला, पत्ता झाकून. स्वतःचं अक्षर माणूस ओळखतो.

संदेशात काय नसावं हे आम्ही जास्त वेळ ठरवत होतो. आजाराचा उल्लेख नको. भेटू, बोलू, नंबर द्या, असं काही नको. लिंक नको. इतकंच लिहिलं: पुण्याहून एक मैत्रीण तुमच्या आत्यांची आठवण काढते आहे, १९७४ ते १९७८ त्या एकत्र शिकल्या, आत्यांना बोलावंसं वाटलं तर कळवा, नाही वाटलं तरी हरकत नाही. काकूंना शेवटचं वाक्य आवडलं नव्हतं. तरी ते ठेवलं. इतक्या वर्षांनी दार वाजवणाऱ्याने उघडणाऱ्याला नकाराची मोकळीक द्यावी, असं मला अजूनही वाटतं.

भाचीचं उत्तर दोन दिवसांनी आलं आणि त्यात आनंद नव्हता, संशय होता. तुम्ही कोण, आत्यांबद्दल का विचारता? तिचं वागणं अगदी योग्य होतं. तिने आत्याला विचारून एक प्रश्न पाठवला: दोघींपैकी कुणाची सायकल होती आणि कोणत्या रंगाची? काकू खळखळून हसल्या. टाळेबंदी सुरू झाल्यापासून त्यांचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकत होते. “सायकल तिची, हिरवी. माझ्याकडे कुठली सायकल!” मग काकूंनी उलट प्रश्न पाठवला: माझी आई तुला काय म्हणून हाक मारायची?

उत्तर आवाजात आलं. म्हातारा, जरा घोगरा आवाज, एकच शब्द, ‘चिमणे’, आणि मागे कुणीतरी मुलगी हसत होती. खालच्या वहिनी ठरल्याप्रमाणे वर आल्या होत्या. त्यांच्यासमोरच तो ऐकवला.

पहिला फोन आणि नंतरचे महिने

रमजान चालू होता, म्हणून पहिला फोन इफ्तारनंतर ठरला. व्हॉट्सअॅप तेव्हा इराणमध्ये चालत होतं. पहिली दोन-तीन मिनिटं कुणीच धड बोललं नाही. नंतर दोघी एकदम बोलायला लागल्या आणि कुणालाच काही ऐकू येईना.

शिराजच्या बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, लग्न केलं नव्हतं, भावाच्या कुटुंबाच्या खालच्या मजल्यावर राहत होत्या. म्हणजे परिस्थिती काकूंसारखीच: वरून डबा येतो, दार उघडून आत कुणी येत नाही. शिराजमध्ये वसंतात कडू संत्र्याच्या झाडांना फुलं येतात, लोक ती वाळवून चहात घालतात. त्या वर्षी त्यांना झाडापर्यंत जाता आलं नव्हतं, भाचीने पिशवीभर पाकळ्या आणून दारात ठेवल्या. काकूंनी लगेच विचारलं, गुडघे कसे आहेत, जिना किती पायऱ्यांचा, रात्री सोबत कोण असतं. मी ऐकत होते. पंधरा दिवसांपूर्वी एका शब्दात उत्तरं देणाऱ्या बाई आता प्रश्न विचारत होत्या.

दुसऱ्या फोनआधी एक गोष्ट ठरवणं गरजेचं होतं: किती वेळा बोलायचं. काकूंना रोज हवं होतं. मी सुचवलं, फोन आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी. बाकीच्या दिवशी आवाजाचे छोटे निरोप, उत्तराची सक्ती नाही. रोजचा फोन पहिल्या महिन्यात गोड लागतो आणि मग ओझं होतो. शिवाय रात्री तिकडचं इंटरनेट इतकं मंद असे की व्हिडिओवर चेहरे गोठून राहत. आवाजाचे निरोप मात्र पोहोचत.

वेळेचा एक घोळ झाला, तो नोंदवून ठेवते. त्या काळी इराणमध्ये उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करत. त्यामुळे मे महिन्यात दोन शहरांत एका तासाचं अंतर होतं, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर ते दोन तासांचं झालं. त्या बदलानंतरचा पहिला फोन ठरल्या वेळी आला नाही तेव्हा काकू तासभर हातात फोन घेऊन बसल्या होत्या, घशाला कोरड पडलेली. पलीकडे काहीच झालं नव्हतं.

राजकारणाचा विषय काकूंनी एकदा काढला. पलीकडून उत्तर आलं ते हवामानाचं. त्यानंतर तो विषय तिने काढला तरच, असं त्यांनी स्वतःच ठरवलं.

नोव्हेंबर २०२०

इराणमधली तिसरी लाट तेव्हा भरात होती, रोज चारशेच्या वर मृत्यू जाहीर होत होते. शिराजहून निरोप येणं बंद झालं. ठरलेला फोनही आला नाही.

अशा वेळेसाठी एक बेत आधीच ठरला होता: चार दिवस काही आलं नाही तर भाचीला विचारायचं, त्याआधी नाही. काकूंना दुसऱ्याच दिवशी विचारायचं होतं. त्या थांबल्या, पण ते दिवस त्यांना फार जड गेले. चौथ्या दिवशी भाचीने कळवलं की वरच्या मजल्यावरचे भाऊ, म्हणजे तिचे वडील, गेले होते. आत्या बऱ्या होत्या, पण कुणाशी बोलत नव्हत्या.

काकूंपुढे दोन वाटा होत्या. फोन करून सांत्वन करायचं, किंवा ती बोलेपर्यंत गप्प राहायचं. त्यांनी स्वतःची तिसरी काढली आणि तिचं सगळं श्रेय त्यांचंच. रोज सकाळी एक आवाजाचा निरोप, मिनिटभराचा. त्यात ‘कशी आहेस’ नाही, ‘धीर धर’ नाही, एकही प्रश्न नाही. आज पोळ्या करते आहे, हा लाटण्याचा आवाज ऐक. खाली भाजीवाला आला आहे, तो मेथी म्हणून ओरडतो आहे. तुळशीला मंजिऱ्या आल्या. ज्याला उत्तर द्यावं लागत नाही असं बोलणं. तिसऱ्या आठवड्यात पलीकडून एक निरोप आला, त्यात नुसता किटलीत पाणी उकळत असल्याचा आवाज होता. २० डिसेंबरला यल्दाची रात्र होती, इराणमधली वर्षातली सर्वांत मोठी रात्र, जेव्हा घरोघर डाळिंब आणि कलिंगड फोडून उशिरापर्यंत जागतात. त्या रात्री शिराजहून फोन आला.

पैशांचा प्रश्न

याच सुमारास भाचीच्या बोलण्यातून कळलं की काही औषधं मिळत नाहीत, मिळाली तर फार महाग. काकूंना पैसे पाठवायचे होते. आयुष्य बँकेत गेलेलं, त्यामुळे अडचण त्यांना माझ्याआधी कळली: निर्बंधांमुळे इराणमध्ये साध्या माणसाला सरळ बँकेतून पैसे पाठवण्याची सोय जवळजवळ नाही. ओळखीच्या एकाने दुबईमार्गे ‘माणूस आहे’ असं सुचवलं. तो हवालाच, आणि तो बेकायदा. काकूंनी एका वाक्यात नकार दिला. शिवाय मैत्रिणीने काही मागितलं नव्हतं. न मागता पैसे गेले असते तर दोघींमधली बरोबरी बिघडली असती, असं माझंही मत होतं.

एप्रिल २०२१

आता बाजू उलटली. पुण्यात दुसरी लाट आली. काकूंनी मार्चमध्ये लसीचा पहिला डोस घेतला होता. एप्रिलच्या मध्याला ताप आला, मग ऑक्सिजन खाली जायला लागला. खाट मिळवायला धावपळ झाली, मिळाली तेव्हा त्यांना नेसत्या कपड्यांनिशी नेलं. फोन होता, चार्जर घरीच राहिला. दुसऱ्या दिवशी फोन बंद पडला. मुलगा बंगळूरहून आला, पण वॉर्डमध्ये जायला कुणालाच परवानगी नव्हती.

तिकडे शिराजमध्ये मैत्रीण टीव्हीवर भारतातल्या चिता बघत होती आणि पुण्याहून आठवडाभर काही येत नव्हतं. चार दिवसांनी दुसऱ्या माणसाला विचारायचं, हा नियम तिला माहीत होता. पण विचारायचं कुणाला? काकूंकडे भाचीचा नंबर होता. काकूंकडचा दुसरा नंबर पलीकडे कुणाजवळच नव्हता. सुरुवातीला मी सुचवलं होतं की मुलाचा नंबर देऊन ठेवा. काकू म्हणाल्या होत्या, “त्याला कशाला त्रास? मी इथे धडधाकट आहे.” मदत लागलीच तर पलीकडच्यांना लागेल, असा त्यामागचा विचार होता. सगळ्यांनीच तो न बोलता मान्य केला होता.

शेवटी भाचीने वर्षापूर्वीचं इन्स्टाग्रामवरचं संभाषण उकरून काढलं आणि माझ्या खात्यावर लिहिलं. त्यातून धागा लागला. मी मुलाला सांगितलं. ज्याने हा सगळा व्याप नको म्हटलं होतं, त्याने त्या रात्री शिराजला फोन करून आईची तब्येत सविस्तर सांगितली, त्याच्या भाषेत सांगायचं तर रिपोर्ट वाचून दाखवला. एका वॉर्डबॉयच्या हातून चार्जर आत गेला. फोन सुरू झाला तेव्हा त्यात शिराजहून आलेले निरोप साठले होते. सुरुवातीच्या निरोपांत घाबरलेले प्रश्न. तब्येत कळल्यानंतरच्या निरोपांत एकही प्रश्न नव्हता. चहा ओततानाचा आवाज, अंगणातली चिमण्यांची कलकल, आणि शाळेत शिकवत तशी स्वच्छ इंग्रजीत वाचलेली एखादी कविता. काकूंनी ते ऑक्सिजन लावलेल्या अवस्थेत, कानाशी फोन धरून ऐकले. मेच्या पहिल्या आठवड्यात त्या घरी आल्या.

आजची स्थिती

दोघी बोलतात. सप्टेंबर २०२२ मध्ये, महसा अमिनी या इराणी तरुणीच्या मृत्यूनंतरच्या निदर्शनांच्या वेळी, इराणमध्ये व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम बंद झालं. तोपर्यंत दोन्ही घरांचे लँडलाइन नंबर, भाचीचा आणि मुलाचा मोबाईल, दोन्ही पत्ते, हे सगळं दोन्हीकडे कागदावर लिहिलेलं होतं. काकूंच्या घरी ते गॅस सिलिंडरच्या पुस्तकात ठेवलेलं आहे, कारण घरातल्या प्रत्येकाला ते पुस्तक कुठे असतं ते माहीत आहे. त्या महिन्यात त्या लँडलाइनवरून, दर बघून, थोडं थोडं बोलल्या. काकूंची झोप परत आली. आमच्या गटाचे फोन त्यांनी २०२१ च्या अखेरीस स्वतःहून थांबवले आणि गटात फोन करणाऱ्यांत नाव नोंदवलं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, दुसरा नंबर दोन्ही बाजूंनी द्यायला हवा होता, पहिल्याच आठवड्यात. एका बाजूला काळजी घेणारी आणि दुसऱ्या बाजूला काळजी घ्यावी लागणारी, अशी वाटणी आजारपणात टिकत नाही. जी आज धडधाकट आहे तिच्यासाठीही कुणीतरी ठरलेलं असावं. काकूंचा नकार होता हे खरं, पण तो प्रश्न एकदाच विचारून सोडण्यासारखा नव्हता. शिराजमध्ये भाऊ गेले तेव्हा तो पुन्हा काढण्याची योग्य वेळ होती.

चार दिवस थांबायचा नियम नोव्हेंबरमध्ये उपयोगी पडला, कारण घरातल्या दुःखात लगेच घुसणं टळलं. तरी तो सरसकट ठेवायला नको होता. लाट भरात असताना दोन दिवस पुरे झाले असते. नियम करताना तो कधी बदलायचा हेही ठरवावं लागतं.

शोध सुरू करताना तिथल्या चालीरीती जाणणाऱ्या माणसाला आधी गाठायला हवं होतं. आडनाव, लिपी, शिक्षक दिन, फोटोबद्दलची काळजी, यांतलं बरंच काही त्या विद्यार्थिनीने दहा मिनिटांत सांगितलं असतं. कॉलेजचे गट आणि फेसबुक यांत गेलेला वेळ टळला असता.

मुलाला प्रत्यक्ष शोधापासून दूर ठेवलं गेलं, हे मला आजही खटकतं. त्याची फसवणुकीची भीती खरी होती आणि ओळख पटवण्याचे प्रश्न ठरवायला तो चांगला उपयोगी पडला असता. पहिल्या फोनला तो दुसऱ्या टोकाला नुसता ऐकायला असता तरी, एप्रिलमध्ये शिराजचा नंबर त्याला परका वाटला नसता.

दोघींच्या भेटीचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे. मैत्रिणीच्या गुडघ्यांनी प्रवास होणार नाही असं तिचं म्हणणं. काकू जायला तयार आहेत, भाची बोलावते आहे, मुलगा तिथल्या परिस्थितीमुळे नको म्हणतो. पाडव्याच्या सुमाराला दरवर्षी हा वाद निघतो आणि दोन्ही घरांत चार दिवस चालतो.